कृपया बंद करू नये

(दारव्हा येथे डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, "तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी, पण आम्हाला समजेल असं." ही अट कुणी घातली त्याचं नाव मी घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. शाळेतही तिथेच बसायचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरच्यांच्या मते याचा अर्थ प्रिंटर चालू करून देणारी बाई. ऑफिसमध्ये आम्ही नेमकं काय करतो हे सांगणं अवघड आहे, पण कशावर हसतो ते सांगता येईल. म्हणून आज आमचे विनोद सांगते. त्यातल्या एका विनोदातून मला एक माणूस भेटला, आपल्याच जिल्ह्यातला, आणि मला खरं तर त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्यातला सर्वात जुना विनोद म्हणजे "माझ्या मशीनवर तर चालतंय!" ग्राहक ओरडत असतो, प्रोग्राम बंद पडलेला असतो, आणि ज्याने तो लिहिला तो निवांतपणे हे वाक्य बोलतो. त्यावर मॅनेजरचं उत्तर ठरलेलं: "बरं, मग तुझं मशीनच ग्राहकाला पाठवून देऊ." पुढे गंमत अशी झाली की लोकांनी खरंच तसं केलं. प्रोग्रामला लागणारं सगळं, म्हणजे त्याच्या भोवतीचं अख्खं वातावरणच, एका डब्यात भरून पाठवायची सोय २०१३ च्या सुमारास आली. तिचं नाव डॉकर. आमच्याकडे विनोद असे तंत्रज्ञान होऊन बसतात.

दुसरा विनोद घडलेला आहे. आम्ही प्रोग्राम लिहितो म्हणजे सगळं स्वतः लिहीत नाही. पुरणपोळीसाठी कुणी हरभरा पेरायला जात नाही, डाळ दुकानातून आणतो. तसे जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेले छोटे छोटे तुकडे आम्ही उचलतो. त्या तुकड्यांनी आणखी दुसऱ्यांचे तुकडे उचललेले असतात. यालाच डिपेन्डन्सी म्हणतात. 'लेफ्टपॅड' नावाचा असाच एक तुकडा होता, अकरा ओळींचा. काम काय, तर आकड्याच्या डावीकडे शून्यं किंवा मोकळी जागा भरून त्याची लांबी सारखी करायची. हजेरीपटावर सर एक ते नऊ रोल नंबरांच्या आधी शून्य लिहायचे ना, तेवढंच. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या त्याच्या लेखकाचा दुसऱ्याच एका तुकड्याच्या नावावरून वाद झाला. ते नाव एका कंपनीला हवं होतं. जिथे हे तुकडे ठेवतात तिथल्या चालकांनी ते कंपनीला देऊन टाकलं. गडी चिडला आणि आपलं सगळं सामान उचलून निघून गेला. त्या सामानात लेफ्टपॅडही होता. झालं, जगभर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तयार होता होता अडकले. दोन-अडीच तासांनी तो तुकडा परत जागेवर आणला गेला. शून्य लिहिणारा मुलगा गैरहजर म्हणून अख्खी शाळा बंद, असा प्रकार. आम्ही आठवडाभर हसलो. आणि त्याच आठवड्यात प्रत्येकाने गुपचूप आपापल्या प्रोग्राममध्ये असे किती तुकडे आहेत ते मोजून पाहिलं. माझ्याकडे नऊशेच्या वर निघाले. त्यातल्या एकाच्याही लेखकाचं नाव मला माहीत नव्हतं.

तिसरा विनोद म्हणजे एक चित्र. रँडल मन्रो नावाचे अमेरिकन व्यंगचित्रकार आहेत, २०२० मध्ये त्यांनी काढलेलं. ठोकळ्यांवर ठोकळे रचलेला मोठा डोलारा आहे, म्हणजे आजची सगळी डिजिटल दुनिया. आणि अगदी तळाशी, एका कोपऱ्यात, काडीएवढा एक ठोकळा सगळा भार पेलून उभा आहे. बाजूला लिहिलंय त्याचा मथितार्थ असा, की हा तुकडा नेब्रास्कातला कुणीतरी एक माणूस २००३ पासून सांभाळतोय, आणि त्याचे आभार कुणी मानलेले नाहीत. नेब्रास्का हे अमेरिकेतलं मक्याचं राज्य. आपण "तिकडं पांढरकवड्याकडं कुठंतरी" म्हणतो तसं ते लोक नेब्रास्का म्हणतात. हे चित्र आमच्या प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर आहे. काही बंद पडलं की आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "नेब्रास्कावाला झोपला वाटतं."

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण शकुंतलेची माणसं. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रुळांवर, सायकलवाल्याने हात दाखवून पुढे जावं अशा वेगाने जाणारी आपली गाडी. आपण आठवीत जाईपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, तिला वाफेचं इंजिन होतं आणि ते १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं. रूळ ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार आपली रेल्वे. स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशाचं राष्ट्रीयीकरण झालं, ही तेवढी राहून गेली. आमच्याकडे अशा गोष्टीला 'लेगसी सिस्टीम' म्हणतात. तिला हात लावायची कुणाची हिंमत नसते, कारण हात लावला तर काय काय पडेल हे कुणालाच ठाऊक नसतं. मोतीबाग स्टेशनजवळ राहिलेल्यांना हे कोर्स करून शिकावं लागत नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचा एक विनोद. मी पुसदला बाबासाहेब नाईक इंजिनिअरिंग कॉलेजला होते तेव्हा, २००२ च्या आसपास, एक ई-मेल सगळीकडे फिरायची. विंडोजमध्ये 'कॉन' या नावाचं फोल्डर करून दाखवा, होत नाही, आणि का होत नाही हे खुद्द बिल गेट्सलाही सांगता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला, वगैरे. आम्ही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून ते करून पाहिलं. खरंच झालं नाही. छाती फुगवून आलो.

कारण साधं होतं आणि गेट्स यांना चांगलं माहीत असणार. विंडोजच्या आधी डॉस होतं. त्यात काही नावं यंत्राच्या भागांसाठी राखून ठेवली होती. 'कॉन' म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर, 'एलपीटी-वन' म्हणजे प्रिंटर जोडायची पाठीमागची रुंद खाच. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ही राखीव नावं तशीच पुढे आली. आता नव्या लॅपटॉपला ती खाच नसते, तिचं नाव मात्र अजून राखीव आहे. गावातलं घर पडून वीस वर्षं झाली तरी "पाटलाच्या वाड्याजवळ" हा पत्ता चालतो, तसं. एलपीटी-वन हे नाव मी कैक वर्षं विनोदात वापरलं. ती खाच पुन्हा प्रत्यक्ष बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीवर येते. शाळेच्या २००१ च्या स्मरणिकेत आपल्या मराठीच्या बाईंनी एक मोठा लेख लिहिला होता, आपल्या नववीच्या सहलीवर. सहस्रकुंडाची सहल. बाई गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. या मेळाव्याच्या स्मरणिकेत तो लेख परत छापायचा असं ग्रुपवर ठरलं. शाळेतल्या प्रतीला वाळवी लागलेली. आपल्यापैकी कुणाकडे प्रत सापडेना. शेवटी बाईंच्या मुलाला कपाटात एक सीडी मिळाली. ती माझ्याकडे आली, आणि मी ग्रुपवर लिहिलं, "दोन मिनिटांचं काम आहे." ते वाक्य तुम्ही पुढे तीन महिने मला ऐकवलंत.

सीडीवर पेजमेकरची फाइल होती. पेजमेकर केव्हाच इतिहासजमा झालं. मी आतला मजकूर उपसून काढला तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, उद्गारचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. बाईंचं एकही अक्षर नाही. याचं कारण असं, की युनिकोड रुळायच्या आधी संगणकाला मराठी अक्षर म्हणून काही माहीतच नव्हतं. आपल्याकडच्या हुशार लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठीचे तुकडे बसवले. काना इथे, अर्धा त तिथे, वेलांटी आणखी कुठे. तो फाँट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर कचरा. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही. महाराष्ट्रातली कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका अशा फाइलींत पडून आहेत. उघडतात, पण वाचता येत नाहीत.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. एक वापरला. लेख आला! मी आनंदाने ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत पहिला हसणारा चेहरा आला. बाईंनी लिहिलं होतं की सहलीत स्वयंपाकाला सोबत नेलेल्या आचाऱ्यांना पहाटे तीनला उठवावं लागलं. कन्व्हर्टरने केलं, "आचार्यांना पहाटे तीनला उठवावं लागलं." पुढे बाईंनी 'दऱ्या' पाहिल्या होत्या. आमच्या लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर 'दर्या' उसळत होता. ज्या बाईंनी आपल्याला हाच फरक शिकवण्यासाठी दोन तास खर्च केले, आचार्य आणि आचारी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून, त्यांच्याच लेखात ही चूक. लाल पेन घेऊन त्या दारात उभ्या आहेत असं मला वाटलं.

हा ऱ्य फार खोडकर आहे. युनिकोडमध्येही तो दोन रीतींनी लिहिता येतो. एकात खास वेगळा र वापरतात, दुसऱ्यात एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असं नाही. अशी न दिसणारी चिन्हं मोठमोठ्यांना रडवतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगूतलं 'ज्ञा' हे अक्षर एका अदृश्य चिन्हासह मेसेजमध्ये आलं की मेसेजचं ॲपच कोसळायचं. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण तोवर जगभर चेष्टा झाली. पाटणबोरीच्या पलीकडे पोरं पाटीवर जे अक्षर गिरवतात ते एवढ्या महागड्या फोनला पेललं नाही. ज्ञानाचाच ज्ञा, त्यामुळे त्यावर आम्ही काय काय विनोद केले असतील ते तुम्हीच समजून घ्या.

फाँटची ती आवृत्ती ज्यांच्याकडे असेल अशांना मी फोन सुरू केले. पुण्यात नाही, नागपुरात नाही. अमरावतीच्या एका प्रकाशकाने सांगितलं, "यवतमाळला विचारा. एक काका आहेत. आम्हीही त्यांनाच विचारतो." मग नेरच्या एका मुद्रकाने तेच सांगितलं. वर्ध्यातूनही तोच नंबर आला. तीन जिल्ह्यांचा डोलारा आणि खाली एक काका.

काकांना मी फोन केला, मेसेज केला. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी मी जरा तिखट मेसेज पाठवला. एवढं साधं काम आहे, नाही जमत तर तसं सांगा, आमची छपाई अडली आहे, अशा अर्थाचा. संध्याकाळी उत्तर आलं, "ताई, पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शनिवारी या."

तो मेसेज वाचून मला जे आठवलं ते विनोदात बसत नाही. या वर्षी मार्चमध्ये आमच्या क्षेत्रात एक घटना घडली. 'एक्सझेड' नावाचा फाइली आवळून लहान करणारा तुकडा आहे, जगातल्या असंख्य सर्व्हरवर तो असतो. फिनलंडमधले लासे कॉलिन तो वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होते, जवळजवळ एकटे. २०२२ मध्ये काही लोक त्यांच्या मागे लागले की काम सावकाश का, नवी आवृत्ती कुठे आहे. मनाची तब्येत बरी नसल्याचं आणि हे बिनपगारी, हौसेचं काम असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. एक गोड बोलणारा मदतनीस त्याआधीच आला होता, दोन-अडीच वर्षं नीट काम करून त्याने विश्वास मिळवला, आणि त्या तुकड्यात एक चोरदरवाजा बसवला. ते उघडकीला आलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने पिच्छा सोडला नाही. नेब्रास्कावाला म्हणून आम्ही ज्याच्यावर हसतो त्याच्या मागे तगादा लावणारे कोण होते, हे त्या वेळी मी फार तावातावाने ऑफिसात बोलले होते. आणि मीच काकांना तो मेसेज पाठवला होता.

शनिवारी गेले. यवतमाळात दारव्हा रोडला आत एका गल्लीत, समोर फ्लेक्सचं नवं मशीन, ते मुलाचं. मागे दहा बाय आठची खोली. टेबलावर जुना जाडजूड मॉनिटर, त्याच्या कपाळावर पिवळं पडलेलं स्वस्तिक आणि खाली चिकटवलेला कागद: 'कृपया बंद करू नये'. माझा हात बटणाकडे गेला नव्हता, तरी काका म्हणाले, "म्याडम, याले हात नका लावू बरं. बंद केला का मंग दोन-दोन दिवस उठत नाई."

विंडोज ९८. आणि पाठीमागे, रबर बँडने बांधलेलं, काडेपेटीएवढं डोंगल. आपल्यापैकी ज्यांनी डीटीपी केलं असेल त्यांना आठवेल, मराठीचं पॅकेज या डोंगलशिवाय चालत नसे, चोरी होऊ नये म्हणून. ते बसतं प्रिंटरच्या खाचेत. म्हणजे एलपीटी-वन! कॉलेजात मी जिच्यावर हसले ती खाच. ती खाच आहे म्हणून हे डोंगल, डोंगल आहे म्हणून हा फाँट टाइप करता येतो, फाँट आहे म्हणून तीन जिल्ह्यांची जुनी मराठी अजून उघडते. आणि हे सगळं चालू आहे कारण एक माणूस त्याच्यावर रोज फडकं मारतो. काका एका फाइलचे पन्नास रुपये घेतात. शाळेची असेल तर घेत नाहीत.

त्यांनी बाईंची फाइल उघडली आणि सगळं जागच्या जागी आलं. दऱ्या दऱ्या झाल्या, आचारी आचारी झाले. मी त्यांना मोबाइलवर ते ठोकळ्यांचं चित्र दाखवलं, समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हा टेकू म्हंजे मी होय का? पण मंग हा डोलारा कोनं बांधला याच्यावर? मले तर कोनी इचारलं नाई."

मी पुष्कळ सभांमध्ये हे चित्र दाखवलंय. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मुलाचं म्हणणं असं की मागची खोली मोकळी करून आणखी एक फ्लेक्सचं मशीन टाकावं. त्याचंही चूक नाही, पन्नास-पन्नास रुपयांवर घर चालत नाही. म्हणून आम्ही पुढचे दोन शनिवार बसलो. काका एकेक कळ दाबून कोणतं अक्षर, कोणता तुकडा ते सांगत, मी त्याचा क्रमांक लिहून घेई. दोनशेच्या वर तुकडे निघाले. काकूंनी डोळ्याला पट्टी असताना चहा केला, ते मला नको होतं, पण ऐकेनात. त्या यादीवरून मी कन्व्हर्टर लिहिला आणि कुणालाही वापरता येईल असा इंटरनेटवर फुकट ठेवला. यादी करणारे म्हणून काकांचं नाव घालते म्हटलं तर नको म्हणाले, लोक आणखी फोन करतील. पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. शेवटी त्या जुन्या मशीनसाठी एक चांगला यूपीएस नेऊन दिला. तो मात्र त्यांनी दोनदा मागून-पुढून पाहून ठेवून घेतला.

आता त्या कन्व्हर्टरची नेब्रास्कावाली मी आहे. आत्तापर्यंत तीन मेल आल्यात. एक आभाराची, जळगावहून. एका ग्रंथालयाची, त्यांचा फाँट दुसऱ्या आवृत्तीचा आहे, तो जमेल का विचारणारी. आणि तिसरी अशी, की 'क्ष्म' चुकतो, एवढं साधं काम नीट करता येत नाही का. क्ष्म खरंच चुकत होता. रात्री साडेअकराला बसून दुरुस्त केला.

बाईंचा लेख तयार आहे, फक्त त्याचं शेवटचं पान त्या फाइलमध्ये नाही. काकांना असं आठवतं की ऐन वेळी जाहिरात वाढली आणि तेवढा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये टाकला. ती सीडीवर आलीच नाही. त्यामुळे आपली बस सहस्रकुंडाहून परत निघते, उमरखेडच्या अलीकडे पंक्चर होते, बाई सगळ्यांना खाली उतरवून झाडाखाली बसवतात आणि म्हणतात की आता अंधार पडेपर्यंत प्रत्येकाने... आणि तिथेच लेख थांबतो. प्रत्येकाने काय केलं, ते मला आठवत नाही. मी बहुतेक झोपले होते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आईच्या कपाटात २००१ ची छापील स्मरणिका असेल तर एकशे सतरा नंबरच्या पुढचं पान बघा. फाइल जानेवारीअखेर छापायला जाणार आहे. फोटो पाठवलात तरी चालेल, वेडावाकडा असला तरी. जेवणाच्या रांगेत मी शेवटी उभी असेन.